घाटकोपरचा जीएच

"बाई, हे दौघ्तर म्हणजे काय?"

परळच्या ज्या रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवते, तिथे तास सुरू होतो तेव्हा निम्म्या वर्गाची ड्युटी नुकतीच संपलेली असते. कुणी कुरिअर वाटून आलेला, कुणी लिफ्टमन, दोघीतिघी चार घरची कामं उरकून आलेल्या. विचारणारा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. दिवसभर केईएम हॉस्पिटलसमोरच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभा असतो आणि राहतो घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. पुस्तकातल्या शब्दाखाली बोट ठेवून त्याने तो जसा लिहिलाय तसा वाचला होता. डी-ए-यू-जी-एच-टी-ई-आर. दौघ्तर.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मी म्हटलं, डॉटर. मुलगी, लेक. त्याने मान हलवली, वहीत लिहून घेतलं, पण बोट शब्दाखालून हललं नाही. "मग जीएच कुठे गेला, बाई? आमच्या घाटकोपरच्या पाटीवर जीएचच आहे. तिथे घ होतो. इथे का नाही?"

इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न इतका नीट कुणी विचारला नव्हता. मुंबईत वाढलेल्या पोराला जीएच पुस्तकातून कळत नाही, स्टेशनांच्या आणि रस्त्यांच्या पाट्यांवरून कळतो. घाटकोपर, घणसोली, घोडबंदर. वाघ आडनावाच्या मित्राच्या आयकार्डावर. इंग्रजी येत नसतं तेव्हासुद्धा ही दोन अक्षरं ओळखीची असतात. ती एकत्र आली की घ, यात त्याला कधीच दगा मिळालेला नसतो. आणि मग एके दिवशी इंग्रजीचं पुस्तक उघडतं आणि तोच जीएच कुठे फ होतो, कुठे नुसताच बसून राहतो.

माझी एबीसीडी पाचवीत सुरू झाली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमची पिढी त्याच्या बरीच आधीची. गिरगावातली मराठी शाळा, आणि स्पेलिंग पाठ करायची आमची एकच रीत, सुरात म्हणायची. डी ए यू जी एच टी ई आर डॉटर, डॉटर म्हणजे मुलगी. सगळा वर्ग एका ठेक्यात, पाढे म्हणावेत तसा. त्या ठेक्यात का हा शब्द कुठेच बसत नव्हता. एखाद्याने विचारलंच तर उत्तर ठरलेलं: इंग्रजीत असंच असतं.

हे उत्तर मी स्वतःही पुष्कळ वर्षं दिलं आहे. त्या संध्याकाळी मात्र ते माझ्याच्याने देववलं नाही. मी फळा पुसला आणि मधोमध चार अक्षरं काढली, ओ-यू-जी-एच. मग त्यांच्या आगेमागे एकेक अक्षर लावत गेले.

सुरुवातीला टीएच लावलं तर दो, म्हणजे तरीसुद्धा. त्यात आर घातला की थ्रू, आरपार. नुसता टी लावला की टफ. सी लावला की कॉफ, खोकला. बी लावला की बाउ, झाडाची मोठी फांदी. शेवटी टी जोडला तर थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट ही सगळी भावंडं. थरो म्हणून आपण जो शब्द वापरतो त्याच्या शेवटी इंग्रज नुसता पुसटसा अ करतो. उचकीचं एक जुनं स्पेलिंग आहे, त्याच्या शेवटीही हीच चार अक्षरं, आणि उच्चार हिकप. आयर्लंडमध्ये तळ्याला लॉख म्हणतात, लिहिताना पुन्हा तीच चौकडी. अक्षरं तीच, क्रम तोच, उच्चार नऊ.

फळ्याकडे बघून वर्ग गप्प झाला होता. मला वाटलं, घाबरवलं मी यांना. पण तेवढ्यात घरकाम करणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, "रफ वहीतला रफ पण यातलाच का?" आणि मग सुरुवात झाली. रफ वही प्रत्येकाने वापरलेली. पेपर टफ गेला, हे प्रत्येकाने म्हटलेलं. एकाचे वडील महापालिकेत होते, त्याने थ्रू प्रॉपर चॅनेल घरात ऐकलेलं. यातला एकही शब्द त्यांना नवा नव्हता. तो कानातून त्यांच्यापर्यंत कधीचाच पोचला होता, अडला होता तो फक्त डोळ्यांपाशी. इंग्रजी येत नाही असं ही मुलं स्वतःविषयी म्हणतात तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं: जे तोंडात आहे ते कागदावर ओळखू येत नाही.

मेडिकलवाला मुलगा म्हणाला, "आणि कफ सिरप?"

कफ सिरपची गोष्ट मला फार आवडते. इंग्रजी उच्चार कॉफ. पण मुंबईत कुठल्याही औषधाच्या दुकानात जा, आजीपासून नातवापर्यंत सगळे कफ सिरपच मागतात. का? कारण आपल्याकडे कफ हा शब्द आधीपासून आहे, वात-पित्त-कफातला. छातीत कफ झालाय, म्हणून कफ सिरप. इंग्रजी शब्द खोकल्याच्या आवाजावरून घडलेला, आपला संस्कृतातून आलेला, दोघांचं नातं काहीच नाही. योगायोगाने सारखे दिसणारे हे दोन शब्द परळच्या त्या काउंटरवर एकमेकांना भेटले आणि गिऱ्हाइकाने ते एकच करून टाकले. आता बाटलीवरचा तो कफ मराठी की इंग्रजी, हे कुणी सांगू शकणार नाही, आणि सांगायची गरजही नाही.

इथे मला माझी एक जुनी आठवण सांगायला हवी. १९९४ साली बीए झाल्यावर मला फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी साहेबांनी परदेशी पत्त्यांची यादी मोठ्याने वाचायला सांगितली, समोर चारपाच माणसं बसलेली. त्यात इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आलं. एल, मग आपली चौकडी, मग बी-ओ-आर, मग पुन्हा तीच चौकडी. मी वाचलं, लौघबरोघ. साहेब आधी हसले, मग त्यांनी विचारलं, "मराठी मीडियम ना?" मग बाकीचेही हसले. त्या गावाचं नाव लफ्बरा आहे. एकाच नावात दोन वेळा तीच चार अक्षरं, मध्ये तिघांचंच अंतर, आणि दोन्हीकडे उच्चार वेगळा. हे नाव पाहिल्याबरोबर बरोबर वाचणारा माणूस जगात जन्मलेला नाही, ते आधी कुणाकडून तरी ऐकलेलंच असावं लागतं. साहेबांनीही ऐकलेलंच होतं. आमच्यातला फरक हुशारीचा नव्हता, कानावर काय पडलं एवढाच होता. पण हे कळायला मला दहा वर्षं लागली, आणि त्या दहा वर्षांत मी चारचौघांत एकही इंग्रजी नाव मोठ्याने वाचलं नाही. कुलाब्याहून पेडर रोडला जाताना ह्यूज रोडची पाटी लागायची, आता त्याचा पाटकर मार्ग झाला आहे. त्या नावातही एक जीएच दडलेला. कंडक्टर सरळ ह्यूज रोड म्हणायचा. त्याच्या जोरावर तेवढं एक नाव मला बिनधास्त म्हणता यायचं.

म्हणून त्या मुलाला उत्तर देणं माझ्यासाठी नुसता अभ्यासक्रमाचा भाग नव्हता.

उत्तर असं आहे की जीएच कुठे गेला नाही, आवाज गेला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत घशात घासून येणारा एक ह होता. मराठीत तो नाही, पण मुंबईत तो रोज कानावर पडतो. माझ्या वर्गात मदनपुऱ्याची एक मुलगी आहे. मी तिला ख़ाला, म्हणजे उर्दूतली मावशी, म्हणायला सांगितलं. ती ख़ाला म्हणाली आणि सगळ्यांना तो आवाज ऐकू आला, खच्या आणि हच्या मधला, खाकरल्यासारखा. तोच. जुना इंग्रज रात्रीला निख्त म्हणायचा, लेकीला दोख्तर, विचार केला याला थोख्त. जर्मन लोक अजून नाख्त आणि टोख्टर म्हणतात. स्कॉटलंडच्या बोलीत निख्त आजही ऐकू येतं. मी विल्सन कॉलेजात शिकले. चौपाटीसमोरच्या त्या कॉलेजाचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते जॉन विल्सन स्कॉटलंडहून १८२९ साली मुंबईत आले. जीएच अजून जिवंत होता अशा मुलखातून आलेला माणूस, आणि त्याच्या कॉलेजात मी तीन वर्षं तो मेलेला समजून पाठ करत बसले होते, हे मला नंतर फार जाणवलं.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर लेखनिक आले ते फ्रेंच वळणाचे. घशातल्या त्या आवाजासाठी हळूहळू जीएच लिहायची पद्धत पडली. हस्तलिखितांत त्यासाठी आपल्या ३ च्या आकड्यासारखं दिसणारं एक अक्षरही चालायचं. म्हणजे जीएच ही खूण त्या काळी अगदी प्रामाणिक होती, जसा उच्चार तसं लेखन. मग १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाई आली तसं लेखन ठरत गेलं, खिळ्यांचं वळण पक्कं झालं. आणि नेमकं त्यानंतरच्या शेदीडशे वर्षांत लोकांच्या तोंडातून तो आवाज नाहीसा झाला. कागद एका जागी थांबला, तोंडं पुढे गेली.

सगळीकडे तो एकसारखा गेला नाही, म्हणून तर हा गोंधळ. कुठे नुसताच विरला: दो, थ्रू, थॉट. कुठे त्याचा फ झाला: टफ, रफ, इनफ, लाफ. घशातल्या आवाजाचा एकदम ओठावरचा फ कसा झाला, हे मुलांना तोंडाने सांगून पटेना. मग मी सगळ्यांना तळहात तोंडासमोर धरायला लावला. मदनपुऱ्याचा तो ख़ लांबवा, ख़्ख़्ख़. हाताला वारा लागतोय? आता आवाज न थांबवता ओठ जवळ आणा. पंचवीस जणांचा वर्ग एका दमात घशातून फपर्यंत आला, आणि आपल्याच तोंडात हे झालं म्हणून चकित झाला. दोन्ही आवाज म्हणजे अरुंद वाटेतून घासत जाणारी हवाच. घशातली वाट बुजली तेव्हा काही गावच्या लोकांनी ती ओठांपाशी काढली. कुठल्या गावचा उच्चार कुठल्या शब्दाला चिकटला आणि टिकला, याला नियम नाही. लंडनजवळ स्लाउ नावाचं गाव आहे. नेमक्या त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द स्लफ, म्हणजे सापाने टाकलेली कात.

माझी खरी तंद्री लागते ती यापुढे. निख्त म्हणजे रात्र, आपल्या संस्कृतात नक्त. माझी आजी श्रावणी सोमवारी नक्त करायची, दिवसभर उपास आणि रात्री एकदाच जेवण. इंग्रजी आठ, एट, त्यातही जीएच लपलेला; तो आणि आपला अष्ट सख्खे. हलका या अर्थाचा लाइट आणि लघु एका मुळाचे. आणि डॉटर म्हणजे दुहिता. त्या मुलाने दौघ्तर वाचलं तेव्हा सगळा वर्ग हसला, पण तो दुहितेच्या बराच जवळ जाऊन आला होता. गिरगावात आमच्या शेजारी गोव्याच्या एक मावशी राहायच्या. आपल्या मुलीची ओळख करून देताना त्या म्हणायच्या, ही म्हजी धूव. तीही दुहिताच. तिच्यातला ह द मध्ये शिरला, द चा ध झाला, आणि कोकणीने जसं झालं तसं लिहिलं.

मराठीतही हे असंच झालेलं आहे, फक्त कुणी दाखवत नाही. संस्कृतात भक्त म्हणजे भाग, आणि अन्नही. त्यातला क पुढच्या त ला धडकून विरला, आधी भत्त झालं, मग भ लांबला आणि भात झाला. सप्तचा सात. अष्टचा आठ. इंग्रजीत हुबेहूब हेच झालं: निख्तमधला घशातला आवाज विरला आणि आधीचा इ लांबला, पुढे त्याचा आइ झाला. आपण भात झाल्यावर भात लिहिलं. इंग्रजांच्या रीतीने गेलो असतो तर आज ताटात भाक्त वाढला असता आणि वाचताना भात म्हटलं असतं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत भाक्त, साप्त असं लिहिलं आणि पोरांना वाचायला लावलं: भात, सात. त्या क्षणी मला दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेली. इंग्रजी वेडी नाही, तिने जुने कपडे ठेवून दिले आहेत, एवढं त्यांना कळलं.

सगळेच जीएच खरे नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. डिलाइट फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जीएच नव्हता. लाइट, नाइटच्या रांगेत उभं राहायचं म्हणून लोकांनी तो घुसडला. उचकीच्या त्या स्पेलिंगचंही तेच. मूळ शब्द साधा, पण उचकी म्हणजे खोकल्याचा प्रकार असावा असं समजून कुणी तरी त्याला खोकल्याची शेपटी लावली. घोस्टमधला एच कॅक्स्टनच्या काळातला, समुद्रापलीकडच्या फ्लेमिश लिखाणाच्या वळणावर आलेला. आणि एक आपल्या बाजूचाही आहे. डिंगी ही छोटी होडी आपल्याकडून इंग्रजीत गेली. तिच्यात ग नंतर एच घातला तो एवढ्यासाठीच की इंग्रजाने तिला चुकून डिंजी वाचू नये.

ही अडगळ काढून टाका असं म्हणणारी माणसं प्रत्येक पिढीत होऊन गेली. बेंजामिन फ्रँकलिनने १७६८ साली नवी अक्षरं सुचवली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ साली अमेरिकेच्या सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सुटसुटीत लिहायला सांगितले, त्यात थ्रू आणि दो होते. इतका गदारोळ झाला की हुकूम मागे घ्यावा लागला. शिकागो ट्रिब्यून या दैनिकाने १९३४ पासून थ्रू चार अक्षरांत छापायला सुरुवात केली आणि १९७५ ला सोडून दिलं. १९५० साली वारलेल्या बर्नार्ड शॉने तर मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसे ठेवले. ती लिपी तयार झाली, तिच्यात त्याचं एक नाटक १९६२ साली छापून आलं, आणि लोक जुन्याच लिपीत लिहीत राहिले.

१९६२ हे साल वाचताना मी थबकले होते. कारण मराठीचं लेखन त्याच साली बदललं, आणि आपल्याकडे ते बदल टिकले. साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि सरकारने ते मान्य केले. त्यातला सगळ्यात मोठा बदल, उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकायचे. त्याआधी आपण नांव, गांव, पांच, दांत लिहायचो. त्या टिंबांचा उच्चार होत नव्हता, पण ती उगाच नव्हती. नामातला म, ग्रामातला म, पञ्चातला ञ, दन्तातला न. गेलेल्या आवाजाची खूण म्हणून वर एक टिंब ठेवलेलं होतं. आपला जीएचच तो. इंग्रजांनी ठेवला, आपण पुसला.

पुसला ते योग्यच केलं असं मी शिक्षिका म्हणून आजही म्हणेन. कुठल्या शब्दावर टिंब आणि कुठल्यावर नाही हे पाठ करण्यात मुलांची वर्षं जात होती, आणि ज्यांच्या घरी संस्कृत नव्हतं त्यांचीच जास्त जात होती. अर्थात म्हणून आपलं लेखन अगदी बोलण्यासारखं झालं असंही नाही. चार आणि चंद्र यांतला च वेगळा, चाक आणि चाळ यांतला वेगळा. अक्षर एकच, खूण कुठलीही नाही. वर्गातला कुरिअरवाला मूळचा जौनपूरचा आहे. तो चाळ म्हणतो ते चारच्या च ने, आणि माझी मराठी मुलं हसतात. फळ्यावरची ती नऊ रूपं पाहिल्यापासून मात्र हसणं कमी झालं आहे.

पण पुसलेल्या टिंबांची एक गोष्ट माझ्या घरातली आहे. माझी आजी राजापूरजवळच्या गावात राहायची आणि दर पंधरवड्याला पोस्टकार्ड टाकायची. तुझें पत्र पावलें. येथें सर्व खुशाल. माझा दांत फार दुखतो. गांवांत अजून पाऊस नाहीं. सगळीकडे टिंबं. मी आठवीत होते, शुद्धलेखनात वर्गात पहिली यायचे. एकदा मी तिच्या कार्डावरची टिंबं लाल पेन्सिलीने गोल करून मोजली आणि उत्तरात लिहिलं, आजी, तुझ्या पत्रात एकोणीस चुका आहेत. पुढच्या कार्डात तिने टिंबं दिली नव्हती. मला तेव्हा आनंद झाला होता.

मी पुढे भाषेबद्दल वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं, की आजीच्या दृष्टीने ती टिंबं मुकी नव्हतीच. आमच्याकडे कोकणात जुनी माणसं तो स्वर नाकातून काढतात. आजी नाहीं म्हणायची तेव्हा शेवटी हलकीशी गुणगुण यायची. तें, येथें, पावलें, सगळं तसंच. ज्यांना तो उच्चार नव्हता त्यांनी त्याला अनुच्चारित ठरवलं. ती जसं बोलत होती तसंच लिहीत होती, आणि तिचं बरोबर होतं.

आता माझ्या वर्गात मी एक पद्धत लावली आहे. शब्दात जीएच दिसला आणि तो बोलायचा नसला, तर त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने एक फिकट ह काढायचा. पुसट, दाबून नाही. नाइटवर, डॉटरवर, थॉटवर. ज्याचा फ झालाय तिथे फ. पाठ करण्यात यामुळे किती फरक पडतो ते मी मोजलेलं नाही, पण स्पेलिंग लिहिताना हात जीएचवर आता अडखळत नाही, कारण तिथे कुणी तरी होतं हे माहीत असतं. मेडिकलवाल्या मुलाच्या वहीत पहिल्या पानावर त्याने स्वतःचा पत्ता इंग्रजीत लिहिला आहे. घाटकोपरच्या जीएचवर बॉलपेनने ठसठशीत घ काढलाय, आणि खाली डॉटरवर पेन्सिलीचा ह.

गेल्या आठवड्यात मी आजीची दोन कार्डं वर्गात नेली, टिंबांचं आणि बिनटिंबांचं. हातोहात फिरवली. लाल पेन्सिलीचे गोल अजून दिसतात. मुलांनी तारखा वाचल्या, तिकिटावरचे पैसे वाचले. दुसरं कार्ड त्या मुलाकडे गेलं. त्याने ते ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं, औषधाच्या पट्टीवरची एक्सपायरी बघताना धरतो तसं, आणि बराच वेळ बघत राहिला.

"बाई, हे 'नाही' आहे ना, याच्यावर काहीतरी होतं. शाईने खोडलंय."

मी चष्मा लावून पाहिलं. शेवटच्या ओळीत, शब्दाच्या डोक्यावर, बारीकसा निळा डाग. हात सवयीने गेला असणार. मग आठवलं असणार, नातीने काय लिहिलंय ते.

"काय लिहिलंय ते वाचा ना," मागून कुणी तरी म्हणालं.

मी ती ओळ वाचली, आजी म्हणायची तशी, नाकातून. गांवांत अजून पाऊस नाहीं.